थांबायचं तर पत्र्यावर ठोक

हडर्सफील्ड, इंग्लंड
५ जानेवारी १९९८

प्रिय व्हर्लिन,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं. दरवर्षी मी कार्डाला कार्डानंच उत्तर देते. या वेळी पत्र आलंय म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही.

मला सत्तर पूर्ण झाली म्हणून मुलांनी जहाजाची सफर भेट दिली आहे. मी नको म्हणणार होते. एकदा जहाजात बसले ती आयुष्यभर पुरली. पण माझ्या डॉनेटनं माहितीपत्रक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. गुरुवार १९ मार्च, सेंट जॉर्जेस, ग्रेनेडा. सकाळी आठला लागणार, संध्याकाळी पाचला निघणार. साडेचारला सगळे वर चढलेले हवेत.

सदतीस वर्षांनंतर साडेआठ तास.

जहाजवाले बेटावरच्या सहली विकतात. धबधबा, मसाल्याची बाग, रमचा कारखाना, सगळं थंडगार काचेच्या गाडीतून. डोंगरावरच्या आपल्या मोर्न तातूला एकही सहल जात नाही. कशाला जाईल? तुझी आई सोडली तर तिथे बघण्यासारखं आहे काय!

म्हणून मी माझी मी येणार आहे. बंदरापासून बस कुठे मिळते, किती वेळ लागतो, परतीची कधी, ते सगळं लिही. फोन करू नकोस. डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्यावर माझा भरवसा नाही.

आणि तुझ्या आईला, आग्निताला विचार, तुझी बहीण आली तर दार उघडशील का. याच शब्दांत विचार. गोड करून विचारू नकोस, तिला गोड केलेलं लगेच कळतं.

तुझी मावशी, टांटी ओरिंथिया


मोर्न तातू, ग्रेनेडा
२७ जानेवारी १९९८

प्रिय टांटी,

पोस्टमन डोंगर चढायचा कंटाळा करतो, म्हणून माझी पत्रं ग्वावच्या जायफळ वखारीतच देतो. तुझं पत्र मी जायफळं निवडता निवडता तीनदा वाचलं. पहिल्यांदा आनंद झाला, दुसऱ्यांदा भीती वाटली, तिसऱ्यांदा मुकादमीण ओरडली.

आईला त्याच संध्याकाळी विचारलं, तुझ्याच शब्दांत. ती दारात बसून अळूची पानं चिरत होती. सुरी थांबली नाही.

"कशातून येणार?"

"जहाजातून."

"ते कळलं गं. जहाज काय डोंगर चढणार आहे? बंदरापासून इथवर कशातून?"

मी म्हटलं, टॅक्सी करेल, नाहीतर मी कुणाची तरी गाडी बघते. तेव्हा सुरी थांबली.

"काचेच्या गाडीतून येणार असेल तर म्हणावं धबधबा बघ. मी धबधबा नाही, पाच मिनिटं बघून फोटो काढायला. या रस्त्यानं मी जन्मभर बसनं गेले-आले. आईला दवाखान्यात नेली ती बसनं. तिनंही बसनं यावं. बंदरापासून माझ्या पायरीपर्यंत, आपली आपण. कुणी आणून सोडलेली नको."

"आणि आली तर दार उघडशील?"

"मग बघू."

"मग बघू म्हणजे?"

"मग बघू म्हणजे मग बघू. मीठ दे इकडे."

टांटी, आईचं ‘मग बघू’ मी बेचाळीस वर्षं ऐकतेय. त्याचा अर्थ ‘नाही’ नसतो, एवढंच सांगते.

आता नीट वाच. बंदरावर उतरलीस की टॅक्सीवाले घेरतील, त्यांना हसून नाही म्हण आणि बोगद्यातून चालत पलीकडे बाजाराकडे ये. बोगदा तुझ्या वेळचाच आहे. गाडी आली की भिंतीला चिकट. बाजाराकडे बसगाड्या उभ्या असतात, प्रत्येकीचं नाव काचेवर लिहिलेलं असतं. आपल्याकडे येतात त्या दोन, बर्टिलची ‘देवाची मर्जी’ आणि कॉम्पटनची ‘जळणाऱ्यांनी जळावं’. बस भरल्याशिवाय सुटत नाही, घड्याळ दाखवून उपयोग नाही. चढताना सगळ्यांना ऐकू जाईल असं ‘गुड मॉर्निंग’ म्हण. नाही म्हणालीस तर उतरेपर्यंत तुला कुणी विचारणार नाही. उतरायला घंटा-दोरी काही नसतं. थांबायचं तर खिडकीशेजारच्या पत्र्यावर ठोक, दोनदा, जोरात. हळू ठोकलंस तर बर्टिलच्या गाण्यांत ऐकू जात नाही. आणि समोरून ओळखीची बस आली की ड्रायव्हर भर रस्त्यात खिडकीला खिडकी लावून गप्पा मारतात. चिडू नकोस. सगळेच चिडतात, काही होत नाही.

सुरळीत झालं तर ग्वावपर्यंत पाऊण तास, पुढे वीस मिनिटं, मग आपला डोंगर. डोंगर तुला आठवतच असेल. तो काही खाली आलेला नाही.

एक विचारू? आईच्या कपाटावर एक तपकिरी पेटी आहे, पत्र्याच्या कोपऱ्यांची. मी सहा वर्षांची असताना तू गेलीस आणि जाताना म्हणालीस, ‘जागा झाली की बोलावते, भरून ठेव.’ तिनं भरून ठेवली. नंतर त्यातले कपडे हळूहळू कमी झाले, पण पेटी कपाटावरच राहिली. धूळ मात्र तिनं कधी बसू दिली नाही.

मी हे तुला टोचायला लिहीत नाही. उलट मलाच एक सांगायचंय, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा मी रोज देवाजवळ मागायची की टांटीचं बोलावण्याचं पत्र येऊ नये. आई गेली असती तर मी आजीजवळ मागे राहिले असते ना. पत्र आलं नाही. सहा वर्षांच्या मुलीचं देवानं ऐकलं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. आई संध्याकाळी दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे बघायची नाही.

तुझी व्हर्लिन


हडर्सफील्ड
११ फेब्रुवारी १९९८

प्रिय व्हर्लिन,

तू सहा वर्षांची होतीस. देवाला त्या काळात इतर कामं होती. त्याच्यावरही आळ घेऊ नकोस आणि स्वतःवरही नको. बोलावण्याचं पत्र आलं नाही, कारण ते मी लिहिलं नाही. एवढं सरळ आहे ते.

सगळ्यांना मी सांगत आले की वसाहतींतून येणाऱ्यांचा कायदा बदलला. बासष्टच्या जुलैत इंग्लंडचं दार अर्धं मिटलं हे खरं. पण त्याआधी माझ्या हातात दहा महिने होते. त्या दहा महिन्यांचं काय, ते मी आग्नितालाच सांगेन, तिच्या पायरीवर. तुला सांगितलं तर तू तिला वाचून दाखवशील आणि मग माझं येणं फुकट जाईल.

तिची अट मान्य. जहाजाची सहल नाही, टॅक्सी नाही, कुणाची गाडी नाही. डॉनेट चिडली आहे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, पण स्वतःच्या स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही म्हणे. "आई, तू बंदरावर एकटी राहिलीस तर काय करशील?" मी म्हटलं, "तिथेच तर जन्मले. काय करेन? राहीन." ती रडायला लागली, तेव्हा मला कबूल करावं लागलं की साडेचारच्या आत मी परत येईन. म्हणजे दोघींना दोन वचनं दिली आहेत. यातलं एकही मोडणार नाही.

गुडघ्याचंही सांगते. दोन वर्षांपूर्वी त्यात लोखंड घातलं. मी सराव करते आहे. चर्चच्या अठरा पायऱ्या रोज सकाळी चढते आणि उतरते. पाद्रीबाईंना वाटलं माझी भक्ती वाढली. बसमध्येही दांडा न धरता चढून बघते. काल ड्रायव्हर म्हणाला, "आजी, काय सर्कशीत जाणार का?" मी म्हटलं, "त्याहून अवघड जागी."

आग्निताला सांग, मी बसनं येते आहे.

टांटी


मोर्न तातू
१ मार्च १९९८

प्रिय टांटी,

हे पत्र तू निघायच्या आत पोचो.

दोन गोष्टी सांगायच्या आहेत, दोन्ही चांगल्या नाहीत. पहिली, ग्वावच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, दरड कोसळली आहे. अर्धा रस्ता समुद्रात गेला. त्या वळणावर एका वेळी एकच गाडी जाते. ग्वावला पोचायला पाऊण तासाऐवजी सव्वा तास धर.

दुसरी गोष्ट आईची. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं, गुडघ्यातलं लोखंड, चर्चच्या पायऱ्या, सगळं. दहा महिन्यांचंही वाचलं. तुला ते नको होतं, पण टांटी, आईपासून काही लपवायचं तर मला आधी स्वतःपासून लपवावं लागतं. ऐकून झाल्यावर ती "शेळीला पाणी दिलंस का?" एवढं म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी डोंगर उतरून रस्त्यावर जायला लागली. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून ती चर्चपलीकडे गेलेली नाही. विचारलं तर म्हणते पाव आणायला. येते रिकाम्या हातानं. काल मी मागून गेले. बर्टिलची बस थांबली होती. आईनं दाराचा दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला, आत चढली, त्याच्याशी काहीतरी बोलली आणि पुन्हा उतरली. आणि आज सकाळी पेटी कपाटावरून खाली आहे. झुरळं झाली म्हणते.

टांटी, मला वाटतं ती त्या दिवशी घरी राहणार नाही. पलीकडच्या व्हिक्टोरिया गावात तिची मैत्रीण आहे, तिच्याकडे निघून जाईल. बर्टिलशी तेच ठरवते आहे बहुतेक. मी तुला खोटी आशा लावणार नाही. तू एवढं सगळं करून येशील आणि दाराला कडी असेल. सहलीतच जा. त्या सहली चांगल्या असतात, जेवण देतात.

तरी येणारच असशील, तर गुरुवारी दहाला मी ग्वावमध्ये वखारीसमोर रस्त्यावर उभी राहीन. बस दिसली की हात करीन, पुढे दोघी मिळून जाऊ. कडी असली तर निदान दोघी मिळून बघू.

तुझी व्हर्लिन


मोर्न तातू
१९ मार्च १९९८, संध्याकाळ

प्रिय टांटी,

तू घरी पोचशील तेव्हा हे पत्र तिथे असेल.

मी दहापासून दोनपर्यंत उभी होते. ‘देवाची मर्जी’ आली, तू नव्हतीस. मी हात केला तर बर्टिल थांबलाच नाही, नुसता हसला आणि हॉर्न वाजवत गेला. मुकादमीणबाई म्हणाल्या, "व्हर्लिन, रस्ता काही जायफळ नाही, टक लावून बघितलंस तर फुटेल असा." मला वाटलं तू सहलीत गेलीस. मीच तर तसं लिहिलं होतं. स्वतःचाच राग आला.

घरी आले तर दाराला खरंच कडी. शेळी बांधलेली, चूल थंड. पाचच्या बसनं आई आली. चर्चची टोपी, निळा झगा, हातात काठी. काठी तिची नव्हे. पेटी नव्हती. डोंगर चढून आली, पायरीवर बसली आणि बूट काढून पाय चोळायला लागली.

"कुठे गेली होतीस?"

"बसनं."

"कुठे पण?"

"अर्ध्या वाटेवर. भेटली."

टांटी, एवढंच. पुढे एक अक्षर नाही. आत जाऊन कपाटावरची जागा फडक्यानं पुसली आणि झोपायच्या आधी चक्क गुणगुणत होती. कृपा करून लिही, काय झालं ते.

व्हर्लिन


जहाजावरून, ब्रिजटाऊनला पोचता पोचता
२० मार्च १९९८

प्रिय व्हर्लिन,

आग्निता तुला काही सांगणार नाही हे मला माहीत आहे. म्हणून न्याहारी सोडून लिहिते आहे.

नऊच्या आधीच मी बोगद्यातून बाहेर आले. बर्टिलची बस शोधली, चढले आणि पुढच्या सीटवर बसले. हातात घड्याळ, डोक्यात साडेचार. ‘गुड मॉर्निंग’ विसरले. तू एवढं लिहून कळवलंस आणि मी विसरले. बस गप्प. मागून एक रताळीवाली म्हणाली, "इंग्लंडात सकाळ होत नाही वाटतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठले, उतरले, पुन्हा पायरी चढले आणि कॅथेड्रलपर्यंत ऐकू जाईल असं ओरडले. अख्खी बस म्हणाली, "गुड मॉर्निंग!" रताळीवालीनं सरकून जागा दिली. म्हणाली, "आता बस बाई. कुणाची गं तू?"

मी म्हटलं, मोर्न तातूच्या आग्निताची बहीण.

"अगंबाई, ती पेटीवाली?"

व्हर्लिन, म्हणजे रस्ताभर सगळ्यांना माहीत होतं.

बस भरायला पंचेचाळीस मिनिटं लागली. एक माणूस कमी होता, तर बर्टिल एका झाडाखाली झोपलेल्या माणसाला उठवून विचारून आला, तुला कुठे जायचंय का. पावणेदहाला निघालो. साडेदहाला दरडीच्या वळणावर पोचलो आणि समोरून दुसरी बस आली. ‘जळणाऱ्यांनी जळावं’. दोघांनी खिडकीला खिडकी लावली, गाण्यांचा आवाज बंद केला आणि कॉम्पटनच्या मेव्हणीच्या लग्नाची गोष्ट सुरू झाली. नवरामुलगा कोण, त्याला दात किती, बोकड कुणाचा कापणार. मी दहापर्यंत मोजलं. वीसपर्यंत मोजलं. खाली समुद्र, पुढे तू उभी, त्यापुढे डोंगर, मागे जहाज. मग मला राहवलं नाही.

"अरे बाबांनो, हा रस्ता आहे की तुमच्या घरची ओसरी? सत्तर वर्षांची बाई बसली आहे इथे! सदतीस वर्षांनी आलेय, ती तुझ्या मेव्हणीच्या बोकडासाठी नाही!"

सगळे हसले. आणि दुसऱ्या बसमधून, माझ्या नाकासमोरच्या खिडकीतून आवाज आला,

"थिया, गप्प बस. लोकांना बोलू दे."

मला थिया म्हणणारं जगात एकच माणूस उरलंय.

चर्चची टोपी, आणि मांडीवर ती पेटी, दोन्ही हातांनी धरलेली. आमच्यामध्ये एक हात अंतर. पण दोन खिडक्या आणि दोन पत्रे. मी काय बोलणार होते ते गेले दोन महिने पाठ करत होते, आणि तोंडातून निघालं काय, तर "तू इथे काय करतेस? मी तुझ्या पायरीवर येणार होते!"

"आणि मी तुझ्या जहाजावर."

"घरी का नाही बसलीस?"

"सदतीस वर्षं बसले की. पुरे झालं."

मग आम्ही दोघींनी एकाच वेळी पत्र्यावर ठोकलं. बर्टिल म्हणतो, एवढ्या जोरात ठोकलेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं, त्याचा पत्रा आत गेला आहे. मी उतरले. तिला दोन बायकांनी धरून उतरवलं. मी माझी काठी पुढे केली, तिनं ती घेतली. आणि मग, तुला खोटं वाटेल, आम्ही भर रस्त्यात भांडलो. ती म्हणे शहरात चल, तुझं जहाज मला बघायचंय. मी म्हणे गावात चल, पायरीपर्यंत येण्याची अट आहे. दोन्ही बसमधली माणसं बाजू घ्यायला लागली. बर्टिलची बस माझ्याकडून, कॉम्पटनची तिच्याकडून. शेवटी रताळीवालीनं डोकं बाहेर काढलं. "दोघी सारख्याच गाढव! वर जाऊन खाली यायला वेळ आहे का? खाली जाऊन वर यायला पाय आहेत का? तिथे बदामाचं झाड आहे, त्याखाली बसा आणि आम्हाला जाऊ द्या!"

तर आम्ही तिथे बसलो. कठड्याला पाठ लावून, देशी बदामाच्या सावलीत, साडेचार तास. पलीकडे एक बाई निखाऱ्यावर नीरफणस भाजत होती, तिनं दोनदा आणून दिला. मला विचारशील तर बेटावरची सगळ्यात चांगली सहल तीच.

मी तिला दहा महिन्यांचं सांगितलं. पायरीवर सांगणार होते, ते कठड्यावर सांगितलं. पत्रांत मी लिहिलं होतं की माझं घर आहे, दोन खोल्या, खिडकीत फुलं. खरं म्हणजे एका खोलीत आम्ही चौघी झोपायचो, दोन दिवसा, दोन रात्री, त्याच दोन पलंगांवर. इस्पितळात मी नर्स नव्हते, रुग्णांची मलमूत्राची भांडी उपसत होते. तिला बोलावलं असतं तर तिनं ते पाहिलं असतं. मला तिचा खर्च जड नव्हता, व्हर्लिन. तिची नजर जड होती.

आग्निता नीरफणसाचं साल सोलत होती. म्हणाली, "माहीत होतं."

"कसं?"

"दर पत्रावर वेगळा पत्ता. घर असलेली बाई पत्ता बदलत नाही."

"मग लिहिलं का नाहीस?"

"म्हटलं, तुला जेव्हा खरं सांगवेल तेव्हा सांगशील. एवढा वेळ लावशील असं वाटलं नव्हतं."

तिनं साल समुद्राकडे भिरकावलं. मग म्हणाली, पेटी उघड. आत कोकोचे गोळे, तमालपत्र, जायफळाच्या मुरंब्याच्या तीन बाटल्या. मी विचारलं, त्या वेळी भरलेल्या कपड्यांचं काय झालं? म्हणाली, "एकेक उसवून व्हर्लिनला शाळेला शिवले. पिवळा तिला फार शोभायचा." तू लिहिलं होतंस ना, कपडे कमी होत गेले? ते तुझ्याच अंगावर गेले, पोरी. तुझी प्रार्थना देवानं ऐकली की नाही मला माहीत नाही. तुझ्या आईनं मात्र पेटी स्वतःच्या हातानं रिकामी केली, तुला मोठं करायला. तिला जायचंच असतं तर एक तरी झगा ठेवला असता.

तिला मी विचारलं, व्हिक्टोरियाला जाणार होतीस म्हणे? ती एवढी हसली की टोपी पडली. "ती मुलगी मला बसवर चढताना बघून गेली आणि तरी तिच्या डोक्यात आलं नाही! रोज संध्याकाळी एक बस चढायची आणि उतरायची. तुझ्या चर्चच्या पायऱ्या ऐकल्यावर मी काय मागे राहू?" आणि सकाळी ग्वावमध्ये तू वखारीसमोर उभी होतीस, तेव्हा ती सीटखाली वाकली होती. तू दिसलीस तिला. म्हणाली, व्हर्लिननं पाहिलं असतं तर म्हणाली असती, आई, तुझ्यानं होणार नाही.

तीनला दोन बस भरलेल्या आल्या, थांबल्या नाहीत. सव्वातीनला बर्टिल आला, तोही भरलेला. त्याच्या बसमधल्या एका बाईनं स्वतःचा नवरा खाली उतरवला. "हा पुढच्यानं येईल, याची कुणी वाट बघत नाहीये." मी चढले, आणि ‘गुड आफ्टरनून’ म्हणायला विसरले नाही. आग्नितानं पेटी खिडकीतून आत दिली.

मी म्हटलं, "ही कशाला? रिकामी करून घे."

"ने. मला नाही बोलावलंस, पेटीला तरी इंग्लंड दाखव."

जहाजावर पोचले तेव्हा चार वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. पहारेकऱ्यानं विचारलं, पेटीत काय आहे. मी म्हटलं, उघडून बघ, पण मुरंबा हाताला चिकटला तर माझ्या बहिणीला नाव ठेवायचं नाही. त्यानं न उघडता सोडली.

पायरीपर्यंत मात्र मी पोचले नाही. तेवढं राहिलं.

टांटी


हडर्सफील्ड
१४ एप्रिल १९९८

आग्निता,

हे पत्र तुला आहे, व्हर्लिनला नाही. तिला वाचायला सांग, पण मधे बोलायचं नाही.

पेटी माझ्या कपाटावर आहे. कडी मोडली होती, बसवून घेतली. पुसते. रोज सकाळी डोळे उघडले की समोर दिसते, आणि तुला सदतीस वर्षं कसं वाटलं असेल ते मला एका महिन्यात कळलं. मला ती तिथे नको आहे. मी ती पोस्टानंही पाठवणार नाही. तुझी पेटी, तू येऊन ने.

मी बोलावते आहे. उशीर झाला, पण बोलावते आहे. आता माझं घर आहे. याच पत्त्यावर एकवीस वर्षं. खिडकीत फुलंही आहेत, यंदा थंडीनं मेलीत, पण कुंड्या आहेत.

कुणी तुला आणून सोडणार नाही. अट अटीसारखी. विमानानं मँचेस्टरला उतर. तिथूनच आगगाडी आहे, हडर्सफील्डला उतर. स्टेशनबाहेर आलीस की उजवीकडे बसथांबा. चढताना ‘गुड मॉर्निंग’ म्हण. कुणी उत्तर देणार नाही. तरी म्हण. इथे पत्र्यावर ठोकायचं नाही. दांड्यावर लाल बटण असतं, ते दाबायचं, घंटा वाजते. पिवळं चर्च दिसलं की दाब. बसगाड्या इथे अर्ध्याच भरलेल्या सुटतात आणि ड्रायव्हर समोरच्या बसशी बोलत नाहीत, तेव्हा रस्त्यात भेट होईल असं धरू नकोस. मी थांब्यावर उभी राहीन. माझ्या पायरीपर्यंत तिथून बावन्न पावलं आहेत, मी मोजली आहेत. चढ नाही.

थिया


मोर्न तातू
२ मे १९९८

थिया,

व्हर्लिन मधे बोलली. रडली पण. तिला मी शेळीकडे पाठवलं आहे. हे मी लिहिते आहे, अक्षर वाचता येत नसेल तर भिंग घे.

पासपोर्टाचे फोटो काढले. फोटोवाला म्हणाला हसू नका. मी म्हटलं, मी कुठे हसते. सप्टेंबरात येते. थंडीच्या आधी. व्हर्लिनही येईल. ती मागे राहणार नाही, तेवढं मी तिला तेव्हाही सांगायला हवं होतं. तुझी काठी घेऊन येते.

कोकोचे गोळे संपवले असशील तर दुसरे आणते. पेटी रिकामी करून ठेव, जाताना भरून न्यायची आहे.

‘गुड मॉर्निंग’ म्हणेन आणि उत्तर येईपर्यंत म्हणत राहीन. त्या लोकांना कुणीतरी शिकवायला हवं.

आणि ते लाल बटण मी दाबणार नाही. मी पत्र्यावर ठोकणार आहे. तू थांब्यावर उभी असलीस तर तुला ऐकू जाईल.

आग्निता